एक काना

"म्हण, मी जाते."

"मी जातो."

"जा-ते."

"जा-तो."

इंदूआत्यानं कपाळाला हात लावला. "अगं, एवढं काय अवघड आहे त्यात? एक काना काढायचा फक्त. 'तो'चा 'ते' होतो. पहिलीतल्या पोराला जमतं."

आम्ही दोघं गिरणीच्या ओट्यावर बसलो होतो. आत आई कुणाची तरी ज्वारी दळत होती. पट्ट्याची फटफट चालू होती आणि दारातून पीठ उडून बाहेर येत होतं. पुण्याहून सकाळीच आलेल्या आत्यानं नाकाला पदर लावला होता. तिची जांभळी साडी तासाभरात पांढुरकी झाली होती.

"आई पण जातोच म्हणती की," मी म्हणालो.

"तुझ्या आईला रविवारी कुणी बघायला येणार नाहीये."

मी मांडीवरचं पीठ झटकलं.

आमच्याकडच्या बायकांची बोलायची रीत अशी आहे. आमच्याकडं म्हणजे कोल्हापूरच्या खाली, मुरगूडच्या बाजूला. मी आलो, मी गेलो, मी भाकरी करतो, मी धुणं धुतो, असं बायकाच म्हणतात. नऊवारीतली म्हातारी उंबऱ्यावरून 'येतो गं' म्हणून निरोप घेते आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. स्वतःबद्दल बोलताना आमच्याकडं बाई आणि बाप्या सारखेच. फरक पडतो तो दुसऱ्याबद्दल बोलताना. ती आली, तो आला, तिथं कुणी चुकत नाही.

माझं कागदावरचं नाव वैजयंता होतं. घरात आणि गावात मी वैजू. जन्मल्यापासून मीही 'आलो-गेलो'च म्हणत होतो आणि मलाही त्यात वेगळं काही वाटत नव्हतं. एकदा शाळेच्या सुट्टीत मी पुण्याला आत्याकडं राहायला गेलो. तिची मुलगी माझ्याच वयाची. ती 'मी जाते, मी येते' म्हणायची आणि तिचा भाऊ 'मी जातो, मी येतो' म्हणायचा. दोघं एकाच घरातले, एकाच ताटात जेवणारे, आणि दोघांचं बोलणं वेगळं. मी तोंड उघडलं की दोघं खो खो हसायचे. "ही बघ मुलांसारखी बोलते!" त्या दिवशी मला कळलं की मी लहानपणापासून खरं तेच बोलत आलोय, आणि गावात कुणाच्या ते लक्षातच आलेलं नाही. काय आनंद झाला होता मला! कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून संडासात जाऊन एकटाच हसत बसलो होतो.

गाव मला त्यामुळंच आवडायचं. गावात मी भर चावडीपुढं 'मी आलो' म्हणू शकत होतो. बाकीच्या बायका म्हणत त्याचा अर्थ एक होता, मी म्हणत होतो त्याचा दुसरा. ऐकणाऱ्याला मात्र सगळं सारखंच.

दुसरी सोय गिरणीची. बाबा मी लहान असतानाच गेले आणि गिरण आईच्या गळ्यात पडली. मी कळता झाल्यापासून तिच्या हाताखाली होतो. पोती उचलायची, दळण टाकायचं, दगड गुळगुळीत झाले की छिन्नीनं टोचून त्यांना पुन्हा धार आणायची, हे सगळं मी करायचो. गिरणीत साडी-ओढणी चालत नाही, म्हणून मी बाबांच्या जुन्या विजारी घालायचो. आणि केस. मी शाळेत असताना आईनं एक दिवस मला पोत्यावर बसवलं आणि माझ्या दोन्ही वेण्या कातरीनं उतरवल्या. बघायला आलेल्या हौसाबाईनं विचारलं, "आगं, ह्ये काय केलंस पोरीचं?" हौसाबाई म्हणजे आमची शेजारीण, गिरणीला लागूनच तिचं दुकान. आई म्हणाली, "गिरणीत केस नकोत. पट्ट्यात अडकतील." कुठल्याशा गावात एका पोरीची वेणी पट्ट्यात अडकून काय झालं, तेही तिनं सांगितलं. बायका हळहळल्या आणि विषय संपला. तेव्हापासून केस जरा कानाखाली आले की आईची कातर चालायची, आणि दर वेळी तेच वाक्य.

आई फार बोलायची नाही. बोलली तर हुकूम. ऊठ. जेव. पोतं धर. झोप आता. गाव तिला अक्का म्हणायचं आणि जरा वचकूनच असायचं. डोक्यावर पदर, पदराखाली केसांचा नारळाएवढा बुचडा, आणि भुवयांवर कायम पीठ.

तर आता मी बाविशीला पोचलो होतो आणि आत्याला घोर लागला होता. तिच्या दादाची एकुलती एक पोर. पुण्यातलं शितोळ्यांचं स्थळ तिनंच काढलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, माणसं चांगली. पाच-सहा महिन्यांपूर्वी तिनं आईला निरोप धाडला होता की वैजूचे केस वाढव. आईनं कातर आत ठेवून दिली. केस मानेवर आले, मग खांद्यावर. रात्री कूस बदलली की दुसऱ्याच कुणाचं तरी डोकं आपल्या उशीवर आहे असं वाटून मी दचकायचो.

"आता पुन्हा," आत्या म्हणाली. "मी स्वयंपाक करते."

"मी स्वयंपाक..."

"हं."

"आत्या, मला येत न्हाई."

"येत नाही म्हणजे? जिभेला हाड आहे का?"

"तुला आलं काय गं लगेच?"

आत्याही आमच्याच गावची, ह्याच गिरणीच्या ओट्यावर वाढलेली. नाकावरचा पदर तिनं खाली घेतला.

"लगेच कुठलं," ती म्हणाली. "लग्न होऊन गेले तर सासूबाई पाहुण्यांसमोर मला मुद्दाम बोलायला लावायच्या. 'आमच्या नव्या सूनबाईचं ऐका हं.' सगळे हसायचे. पहिलं वर्षभर मी कामापुरतंच बोलले. रात्री ह्यांच्याशीसुद्धा मान हलवून. मग एक दिवस जमलं. आता तर गावाकडचं बोलायला गेलं तरी बोलता येत नाही." तिनं माझ्या मानेवरचे केस मागं सारले. "म्हणून तर तुला आधीच शिकवतीय. माझ्यासारखं व्हायला नको तुझं."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट तिला मिठी मारून रडावंसं वाटलं, आणि सांगावंसं वाटलं की आत्या, तुझी सवय गेली, माझं सगळंच जाईल गं. पण आतून आईची हाक आली, "वैजू, पोतं धर!" आणि मी उठलो.

रविवारी गिरण बंद ठेवली. शितोळे जीपनं आले. आई, वडील आणि मुलगा, अभिजित. मला मोरपंखी साडी नेसवली होती आणि केसांना चाप लावला होता. त्या साडीत मी चहाचा ट्रे घेऊन आलो तेव्हा माझी चाल पोत्याखालच्या माणसासारखी होती, हे नंतर हौसाबाईनंच सांगितलं.

माणसं खरंच चांगली होती. तेच वाईट झालं. उद्धट असती तर भांडता आलं असतं.

"दिवसभर काय करतेस गं तू?" अभिजितच्या आईनं मऊपणे विचारलं.

त्यांच्या मागं आत्या उभी होती. ती ओठांनी मला दाखवत होती: चा-ल-व-ते.

"मी गिरण..." मी म्हणालो आणि अडखळलो. सगळे थांबले. मी खूप प्रयत्न केला. त्या शब्दापर्यंत आलो, आणि वाटलं की हा एक काना काढून टाकला तर माझ्यात काहीच शिल्लक उरणार नाही. "...चालवतो."

सगळे हसले. वाईट नाही, कौतुकानं हसले.

"वा! अस्सल कोल्हापूर!" अभिजितचे वडील म्हणाले.

"किती गोड वाटतं ना ऐकायला?" त्याची आई म्हणाली.

अभिजितही हसत होता. "परत एकदा म्हणा ना, प्लीज."

माझं डोकं गरम झालं. लाज, राग, साडीची टोचणारी जर, सगळंच. आयुष्यात पहिल्यांदा मला असं वाटलं की आता बोललं नाही तर कधीच बोलणं होणार नाही. मी ट्रे खाली ठेवला.

"गोड वाटावं म्हणून म्हणत न्हाई मी," मी म्हणालो. "बाकीच्या बायका म्हणत्यात तसं पण म्हणत न्हाई. मी पोरगी न्हाई. पोरगा हाय."

आता काय होईल ते होऊ दे, असं मी मनाशी म्हटलं. कुणीतरी उठेल, कुणीतरी ओरडेल, आत्या रडेल. निदान ऐकलं तरी जाईल.

अभिजितच्या आईचे डोळे भरून आले.

"अगं, दिसतंयच की ते," ती म्हणाली. "घरातला पुरुष गेला की मुलीलाच मुलगा व्हावं लागतं. मलाही वडील नव्हते. मला कळतं."

"हो ना," आत्यानं सुटकेचा श्वास सोडत लगेच री ओढली. "दादा गेल्यापासून हीच आमचा मुलगा."

"अशीच धीट मुलगी हवी आपल्याला," वडील म्हणाले, आणि अभिजितनं मान खाली घालून होकार दिला. तिथल्या तिथं पसंती झाली. माझ्या हातावर साखर ठेवली. मी ती मुठीत धरून उभा राहिलो. आयुष्यात एकदाच खरं बोललो होतो आणि त्याच बोलण्यावर माझं लग्न ठरलं होतं.

"अक्का, तुम्ही काहीच बोलला नाहीत," अभिजितची आई म्हणाली.

आई भिंतीला टेकून उभी होती. सगळे हसले तेव्हा ती हसली नव्हती, एवढं मी पाहिलं होतं. वाटलं, चिडलीय माझ्यावर.

"आमचं वैजू गिरण एकट्यानं सांभाळतंय," ती म्हणाली. "तेवढंच मला म्हाईत." आणि कपबशा घेऊन आत गेली.

शितोळ्यांना अंबाबाईचं दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी पुण्याला जायचं होतं. आत्याही त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "जमेल हं. लग्नाला दोन महिने आहेत अजून."

जीप गेल्यावर आईनं जुनं लुगडं नेसून गिरण सुरू केली. सकाळपासून दळणं साठली होती. मी साडी फेडून विजार चढवली आणि तिच्या शेजारी उभा राहिलो. बाहेर अजून ऊन होतं. दारातून आलेल्या तिरप्या उजेडात पीठ तरंगत होतं.

"आई, मी त्यांस्नी खरं सांगितलं," मी म्हणालो.

"आं?"

"खरं सांगितलं म्हनलो!"

तिनं कानाला हात लावला. पट्टा फटफटत होता. मग मला राहवलं नाही. मी पुढं होऊन, छाती फुटेस्तोवर ओरडलो. "मी पोरगा हाय म्हनलो ते खरं हाय! हसायसाठी न्हाई! बा न्हाई म्हनून न्हाई! बा असता तरी पोरगाच असतो!"

आईनं बटण बंद केलं. पट्टा सावकाश थांबला, जातं थोडा वेळ आपल्याच नादात घरघरलं आणि मग तेही थांबलं.

"वरडू नको," ती म्हणाली. "मला ऐकू येतंय."

पोत्यावर हात ठेवून मी कसंबसं म्हणालो, "तू आलो म्हनतीस. हौसाबाई म्हनती. तुमची जीभ म्हनती, आई. माझी जीभ न्हाई. मी म्हनतोय."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. खराट्यानं जात्याभोवतीचं पीठ गोळा केलं, डब्यात भरलं, झाकण लावलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते पिठामुळं दिसत नव्हतं. मग म्हणाली, "कातर आण."

मी आणली.

"बस."

मी पोत्यावर बसलो. तिनं चाप काढून फेकला आणि मुठीत येतील तसे माझे केस कापायला सुरुवात केली. कचाकचा. मला हुंदका आला. वाटलं, हिनं मला टाकलं. वाटलं, ठरलेलं लग्न हिच्या तोंडावर मारलं म्हणून ही माझं हे असं करतेय, उद्या मला गावात तोंड दाखवायची सोय नको म्हणून. मी रडत होतो आणि ती कापत होती.

"गिरणीत केस नकोत," ती म्हणाली. "पट्ट्यात अडकतील."

"आता कसली गिरण?" मी म्हणालो. "लगीन ठरीवलासा नव्हं माझं? कुठल्या पट्ट्यात अडकत्यात आता?"

तिनं मानेवरचे केस पदरानं झटकले, वाकून फुंकर मारली, लहानपणी मारायची तशी. मग कातर खुंटीला अडकवून माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "सकाळच्या एसटीनं जा. लांब जा. परत येऊ नको."

"आई..."

"इंदूला मी बघतो. तू जा."

सकाळी उंबऱ्याशी माझी पिशवी भरून ठेवलेली होती. वर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, अजून कोमट. गिरण चालू झाली होती, इतक्या सकाळी कधी व्हायची नाही. मी दारात उभा राहून म्हणालो, "आई, येतो." तिची पाठ दिसत होती आणि पदराखालचा तो बुचडा. तिनं मागं वळून पाहिलं नाही. आवाजात ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

मी नाशिकला गेलो, कारण तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. एसटी स्टँडजवळच्या गॅरेजात काम मागायला गेलो आणि म्हणालो, "मी कोल्हापूरहून आलोय." मालकानं वर पाहिलं आणि म्हणाला, "बसा भाऊ." तेच वाक्य, जे मी जन्मभर बोलत होतो. त्याला कुणी हसलं नाही, कुणी कौतुक केलं नाही. त्या माणसाला त्यात काही विशेष वाटलंच नाही. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. पुढं मी कागदावरचं नावही बदललं. वैजनाथ. म्हणजे वैजू तसाच राहिला.

लग्न मोडल्याचं आईनं स्वतःवर घेतलं, असं नंतर कळलं. 'मीच नको म्हनलो,' असं तिनं आत्याला सांगितलं आणि आत्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. मी आधी हौसाबाईच्या दुकानातल्या फोनवर आणि मग आईच्या मोबाइलवर अधूनमधून फोन करायचो. "बरं हाय नव्हं? जेव वेळेवर. ठेव आता." एवढंच. हार्मोनची औषधं सुरू झाल्यावर माझा आवाज फुटला. तेव्हा तिनं फोनवर विचारलं,

"घसा बसलाय काय?"

"न्हाई आई. आता असाच ऱ्हाणार."

पलीकडं गिरण चालू होती. "आसू दे," ती म्हणाली. "जेव."

दर वेळी मी विचारायचो, येऊ का? दर वेळी ती म्हणायची, नको, हितं येऊ नको. मी त्याचा एकच अर्थ लावला होता. तिला माझी लाज वाटते. लाज वाटली तरी फोन उचलते, ह्यातच मी समाधान मानायला शिकलो.

गेल्या वर्षी आईच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडं हौसाबाई रडत होती.

मी पोचलो तेव्हा गिरणीपुढं माणसं जमली होती. दाढीवाल्या, पोट सुटलेल्या माणसाला कुणी ओळखलं नाही. दोघांनी सरकून वाट दिली. ओट्यावर हौसाबाई बसली होती. तिचे डोळे आता पार अधू झाले होते.

"कोन तुमी?"

"मी वैजू."

हात पुढं करून तिनं माझा चेहरा चाचपला. दाढीवरून दोनदा हात फिरवला.

"म्हंजी खरंच हाय की रं," ती म्हणाली.

"काय?"

"अक्का सांगायची सगळ्यास्नी. माझा लेक नाशकात असतो. आमी म्हणायचो, म्हातारीच्या डोक्यात फरक पडला. हिला कुठला लेक? एक पोरगी, ती गेली निघून. लई जन चिडवायचे तिला. तुमची भावकी तर म्हनायची, ती पोरगी गावात दिसू दे, तंगडं मोडून ठेवतो. ती आपली सांगत ऱ्हायची, लेक असतो नाशकात."

"असतो म्हणायची?"

"असतो म्हनायची की."

मी तिच्याशेजारी ओट्यावर बसलो. ती येऊ नको म्हणायची, ते मला वाचवायला. मी ते इतकी वर्षं लाजेच्या खाती टाकलं होतं. तोंडावर तिनं मला कधी काही म्हटलं नाही. ऊठ, जेव, जा. तिचे सगळे हुकूम मला आठवायला लागले. त्यात कुठंच मी मुलगी नव्हतो.

आत आईला आंघोळ घालायची तयारी चालली होती. पाण्याचा, बांगड्यांचा आवाज येत होता. मी नकळत उठलो आणि दारातून आत निघालो. आईचं काही असलं की मीच लागायचो, ती सवय अंगात होती. दारात कुणीतरी आडवं आलं. इंदूआत्या. पांढरे केस, काठी. तिनं मला पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिनं मला ओळखलं.

"मी आलो तवा जीव होता गं तिच्यात," ती म्हणाली. मला म्हणाली की कुणाला, ते तिलाही ठाऊक नसावं. पुण्यातल्या सगळ्या वर्षांनंतर तिचा तो काना परत आला होता. मग तिनं डोळे पुसले, माझ्या छातीवर हात ठेवला आणि मला हळूच मागं सारलं.

"आत बायका आहेत," ती म्हणाली. "तू बाहेर थांब."

मी बाहेर थांबलो. पुरुषांबरोबर. जन्मभर मला हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि माझ्या आईला आंघोळ घालायला दुसऱ्या बायका होत्या. वैजयंता असतो तर मी आत असतो. तिच्या भुवयांवरचं पीठ मी धुतलं असतं. मी भिंतीला डोकं टेकून रडलो आणि कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणालं, "धीर धर, भावा."

तिला बाहेर आणून ओट्यावर, बाजल्यावर ठेवलं. केस धुतलेले होते, ओले. मी ते कधी मोकळे पाहिले नव्हते. ते बाजल्यावरून खाली लोंबत होते आणि टोकं ओट्याच्या फरशीला टेकली होती. पांढरे, जाड, गुडघ्याच्याही खाली येतील एवढे.

"बया, केवढं केस," कुणीतरी बाई म्हणाली.

मी त्या केसांकडं पाहिलं, आणि मग आत, पट्ट्याकडं. बाबा गेल्यापासून ती रोज, रोज त्या पट्ट्याला खांदा लागेल एवढ्या जवळ उभी राहिली होती. एवढे केस घेऊन. आणि गिरणीत केस नकोत, ते पट्ट्यात अडकतील, हा नियम तिनं आयुष्यात फक्त मला लावला होता.

"केस बांधा रं कुनी तरी," हौसाबाई म्हणाली. "जमिनीला लागाल्यात."

उशाशी मीच होतो. मी खाली बसलो आणि ते ओंजळीत उचलून घेतले. गार होते, जड होते, अजून त्यांना पिठाचा वास येत होता. मी पीळ दिला, गुंडाळले, ते सुटले. पुन्हा गुंडाळले, पुन्हा सुटले. सगळे बघत होते. मला बुचडा बांधता येईना. तिनं ती वेळ माझ्यावर कधी येऊच दिली नव्हती.